आजी-आजोबांसह डिस्ने वर्ल्ड : तारीख, खोल्या आणि तिकिटे यांचा हिशेब

न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि 2027 च्या उन्हाळ्यात नाशिकहून येणारे आजी-आजोबा अशा सहा जणांना फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे आहे. मुलीला त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दहा वर्षे पूर्ण होतील. शाळेला सुट्टी असते म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावे का, डिस्नेच्याच हॉटेलात राहणे परवडेल का, आणि पैसे कमी पडल्यास उरलेली रक्कम क्रेडिट कार्डावर टाकून हप्त्यांनी फेडावी का, असे त्यांनी विचारले आहे. तयारीसाठी साधारण एक वर्ष हाताशी आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या अशा सहलींची आखणी मी बरीच वर्षे करत आलो आहे. माझा अनुभव असा, की बहुतेक घरांत काटकसर चुकीच्या टप्प्यावर सुरू होते. तिथे पोहोचल्यावर मुलांच्या आइस्क्रीमवरून घासाघीस होते. खर्चाचा मोठा भाग मात्र कित्येक महिने आधी घेतलेल्या तीन निर्णयांतच ठरून गेलेला असतो. कोणत्या आठवड्यात जायचे, कुठे आणि किती खोल्या घ्यायच्या, आणि कोणासाठी किती दिवसांची तिकिटे काढायची, हे ते तीन निर्णय होत. आपल्यासाठी माझा सल्ला असा आहे : ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडावा, पॉप सेंचुरी या हॉटेलात दोन साध्या खोल्या घ्याव्यात, आजी-आजोबांची तिकिटे दोनच दिवसांची काढावीत आणि घरातून निघण्यापूर्वी सगळे पैसे फेडून झालेले असावेत.

प्रथम तारखेचा विचार करू. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या शिक्षक संघटनेचे अधिवेशन अटलांटिक सिटीत भरते आणि गुरुवार-शुक्रवार शाळा बंद राहतात. ही सुट्टी राज्यातल्या जवळजवळ सर्वच कुटुंबांना एकाच वेळी मिळत असल्याने त्या दिवसांत नूअर्कहून डिस्ने वर्ल्डजवळच्या ऑर्लँडोला जाणाऱ्या विमानांचे भाडे चढते. डिस्नेच्या नेहमीच्या पाहुण्यांत तर हा आठवडा ‘जर्सी वीक’ याच नावाने ओळखला जातो. काही वर्षी दिवाळीही त्याच सुमारास येते, त्यामुळे आपल्या लोकांना तो आठवडा अधिकच सोयीचा वाटतो. परंतु तिकीट, खोली आणि विमान या तिन्हींचे दर तारखेनुसार बदलत असताना सर्वांच्या सोयीचा आठवडा सर्वांत महाग पडणार, हे उघड आहे.

न्यू जर्सीच्या पालकांना एक सवलत भूगोलाने दिलेली आहे आणि तिचा फायदा फार थोडे लोक घेतात. फ्लोरिडा, जॉर्जिया, टेक्सास यांसारख्या दक्षिणेकडील राज्यांत शाळा ऑगस्टच्या पूर्वार्धातच सुरू होतात. आपल्याकडे मात्र बहुतेक शाळा लेबर डेनंतर (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर) उघडतात. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत तिथली मुले वर्गात असतात आणि आपली मुले मोकळी असतात. गर्दी आणि दर दोन्ही त्या काळात उतरलेले असतात, आणि मुलांची शाळाही बुडत नाही. 2027 मध्ये गणेश चतुर्थी 4 सप्टेंबरला आहे. रविवार, 22 ऑगस्टला जाऊन शुक्रवार, 27 ऑगस्टला परत आल्यास गणपतीच्या तयारीला पूर्ण आठवडा मिळतो.

या तारखांची किंमत ऊन आणि पाऊस या रूपाने मोजावी लागते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑगस्टमध्ये ऑर्लँडोचे कमाल तापमान 33 अंशांच्या आसपास असते आणि हवा इतकी दमट असते, की नाशिकच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांना मे महिन्यातली रत्नागिरी आठवावी. दुपारी विजांसह पाऊसही वारंवार येतो. म्हणून दिवसाची विभागणी ठरवूनच जावे लागते : डिस्नेचे मनोरंजन उद्यान उघडण्याच्या वेळी आत, साडेबाराच्या सुमारास खोलीवर, जेवण आणि झोप, आणि पाचनंतर पुन्हा बाहेर. जे कुटुंब सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत ‘पैसे वसूल’ करू पाहते, त्यातले चार वर्षांचे मूल दुसऱ्या दिवशी दुपारी आडवे होऊन रडते आणि आजोबांचे पाय सुजतात. दुपारची विश्रांती हा या संपूर्ण आखणीचा कणा आहे, आणि हॉटेलची निवडही मी त्यावरूनच करतो.

डिस्नेच्या स्वस्त गटातील हॉटेलांपैकी पॉप सेंचुरी हे स्कायलाइनर या तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांच्या मार्गावर आहे. या मार्गाने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन उद्यानांना बसविना जाता येते. दोन्हींसाठी कॅरिबियन बीचच्या स्थानकावर एकदा पाळणा बदलावा लागतो. वेळापत्रक नसते, एकामागून एक पाळणे येत राहतात, आणि थकलेल्या आजी-आजोबांना मुलांची राईड संपण्याची वाट न पाहता परस्पर खोलीवर जाता येते. विजा चमकू लागल्या की ही सेवा थांबवतात, तेव्हा बसने यावे लागते. ऑल-स्टार नावाची तीन हॉटेले याहून स्वस्त आहेत, पण तिथून सगळीकडे बसच घ्यावी लागते. म्हणून ज्येष्ठ मंडळी सोबत असताना मी दर रात्रीमागचा तो फरक आनंदाने भरायला सांगतो.

सहा जणांसाठी लोक सहसा फॅमिली स्वीट, म्हणजे संपूर्ण कुटुंबासाठीचे मोठे दालन, शोधतात. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिक या हॉटेलांत असे सहा जणांचे स्वीट आहेत. परंतु दोन साध्या खोल्यांचे एकत्रित भाडे अनेकदा एका स्वीटपेक्षा कमी निघते, म्हणून बुकिंगपूर्वी दोन्हींची तुलना अवश्य करावी. पॉप सेंचुरीच्या खोलीत एक मोठा पलंग कायमचा असतो आणि दुसरा भिंतीतून खाली उतरतो. दिवसा त्याच्या जागी टेबल असते. आजी-आजोबांच्या खोलीत तो दुसरा पलंग उघडावाच लागत नाही, त्यांना चालायला जागा राहते आणि दोन खोल्यांमुळे स्नानगृहेही दोन मिळतात. शेजारच्या, आतून जोडलेल्या खोल्यांची विनंती बुकिंगच्या वेळीच नोंदवावी. खोल्यांत लहान फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह मात्र नसतो. तो खाली फूड कोर्टमध्ये मिळतो.

डिस्नेजवळच्या किसिमी परिसरात तीन-चार शयनकक्षांचे, स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे कागदावर स्वस्त दिसते, आणि दोन कुटुंबे मिळून गाडीने जात असतील तर ते खरोखर स्वस्तही पडते. आपल्या बाबतीत मात्र भाड्याची गाडी, रोजचे पार्किंग शुल्क, टोल आणि घराच्या साफसफाईचे शुल्क त्यात मिळवावे लागेल. शिवाय दुपारी घरी येऊन पुन्हा जाण्यात इतका वेळ जातो, की दुसऱ्या दिवसापासून ते कोणी करत नाही. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्किंग शुल्क नाही, प्रत्येक उद्यानात रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो आणि हॉटेलात निराळे रिसॉर्ट शुल्क आकारले जात नाही.

तिकिटांच्या बाबतीत बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की सहाही जणांनी सारख्याच दिवसांची तिकिटे घेण्याची काही गरज नाही. डिस्नेचे खोली-आणि-तिकीट असे एकत्रित पॅकेज घेतले, की साधारणपणे त्या खोलीतील सर्वांना एकाच प्रकारचे तिकीट घ्यावे लागते. म्हणून खोल्या फक्त खोल्या म्हणून आरक्षित कराव्यात आणि तिकिटे स्वतंत्रपणे, शक्य असल्यास अधिकृत विक्रेत्याकडून थोड्या सवलतीने, विकत घ्यावीत. आपल्या चौघांसाठी चार दिवसांची आणि आजी-आजोबांसाठी दोन दिवसांची तिकिटे पुरेशी आहेत. चार दिवसांचे तिकीट सात दिवसांच्या आत वापरायचे असते, दोन दिवसांचे तिकीट मात्र चार दिवसांच्या आत; त्यामुळे आजी-आजोबांचे दोन दिवस एकमेकांपासून फार दूर ठेवू नयेत. एकाच दिवशी दोन उद्यानांत जाऊ देणारा ‘पार्क हॉपर’ आपल्याला नको, कारण दुपारी खोलीवर येणाऱ्या कुटुंबाला एका दिवसात एक उद्यान भरपूर होते. अर्धवट वापरलेली तिकिटे इंटरनेटवर विकणाऱ्यांपासून दूर राहावे. ही तिकिटे हस्तांतरित होत नाहीत आणि प्रवेशद्वारावर बोटाची नोंद घेतली जाते.

तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वर्षांपर्यंत लहान मुलांचे तिकीट आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचे तिकीट, असा नियम आहे. मुलगी ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची असल्याने तिचे तिकीट लहान मुलांचे निघेल. तिकिटातला हा फरक खरे तर थोडाच आहे. बुफे जेवणात तो अधिक जाणवतो.

आजी-आजोबांचे दोन दिवस कुठे खर्चावेत, याबद्दल माझे मत ठाम आहे : अ‍ॅनिमल किंगडम आणि एपकॉट. अ‍ॅनिमल किंगडममध्ये उघड्या गाडीतून किलिमांजारो सफारी होते, आणि आशिया विभागात आनंदपूर नावाचे एक काल्पनिक गाव वसवले आहे. त्यातल्या महाराजा जंगल ट्रेकच्या पायवाटेवर, पडक्या राजवाड्याच्या कमानींतून वाघ पाहायला मिळतात. देवनागरी अक्षरांच्या पाट्या आणि रंग उडालेल्या भिंती पाहून आपली ज्येष्ठ मंडळी तिथे बराच वेळ रमतात. एपकॉटमध्ये ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही होडीतली संथ फेरी काचगृहांतून जाते आणि मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या व झाडासारखी फोफावलेली टोमॅटोची वेल दाखवते. द्राक्ष-कांद्याच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला ती फेरी कोणत्याही रोलर कोस्टरहून मोलाची वाटते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दोन्ही उद्यानांत चालणे पुष्कळ आहे. आजींचे गुडघे दुखत असतील तर प्रवेशद्वारापाशी व्हीलचेअर भाड्याने घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. मॅजिक किंगडम या उद्यानाची आतषबाजी त्यांना पाहायची असेल, तर ती समोरच्या पॉलिनेशियन रिसॉर्टच्या किनाऱ्यावरूनही दिसते आणि तिथे तिकीट लागत नाही.

मॅजिक किंगडमचा दिवस ठरवताना एक गोष्ट तपासावी. ऑगस्टच्या मध्यापासून काही ठरावीक संध्याकाळी तिथे हॅलोविनचा स्वतंत्र तिकिटाचा कार्यक्रम असतो आणि साध्या तिकिटाच्या पाहुण्यांना सहा वाजता बाहेर पडावे लागते. अशा दिवशी दिवसाची गर्दी कमी असते, पण रात्रीची आतषबाजी हुकते. मुलांना किल्ल्यासमोर उभे राहून आतषबाजी दाखवायची असल्यास तो दिवस टाळावा.

रांगा टाळण्यासाठी पैसे भरून घ्यायचा लाइटनिंग लेन मल्टी पास चौघांसाठी दोनच दिवस घ्यावा, मॅजिक किंगडम आणि हॉलिवूड स्टुडिओजमध्ये. त्याची किंमत उद्यान आणि तारखेप्रमाणे बदलते. डिस्नेच्या हॉटेलातील पाहुण्यांना आगमनाच्या सात दिवस आधी, सकाळी सात वाजता, संपूर्ण मुक्कामासाठी तीन-तीन राईड निवडता येतात. बाहेर राहणाऱ्यांना ही सोय तीनच दिवस आधी मिळते. त्याआधी घरी मुलाची उंची बुटांसह मोजून ठेवावी. स्लिंकी डॉग डॅश आणि सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन यांना 38 इंच लागतात, स्पेस माउंटन आणि एव्हरेस्टला 44. जिथे धाकट्याला सोडत नाहीत तिथे ‘रायडर स्विच’ मागावा : एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, आणि मग थांबलेला पालक पुन्हा रांगेत न लागता जातो. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

जेवणाच्या बाबतीत आपली कुटुंबे भाग्यवान आहेत, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ उद्यानात नेण्यास परवानगी आहे. काचेची भांडी, सुटा बर्फ आणि गरम करावे लागणारे पदार्थ तेवढे चालत नाहीत. ठेपले, दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी यांवर सकाळची न्याहारी आणि मधल्या वेळेचे खाणे निभावते. फूड काउंटरवर बर्फाचे पाणी मागितल्यास मोफत मिळते, तेव्हा बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. सोमवार, 23 ऑगस्ट हा श्रावणी सोमवार आहे. आजींचा उपवास असेल तर तो दिवस अ‍ॅनिमल किंगडमला ठेवू नये. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि फळे घेऊन त्यांनी हॉटेलवर विश्रांती घ्यावी आणि त्यांचे दोन दिवस मंगळवार-बुधवार करावेत. एकदा बसून जेवायचेच असेल तर अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील ‘सना’ या उपाहारगृहात जावे. तिथे आफ्रिकी जेवणाला भारतीय मसाल्यांची जोड आहे, नान रोट्यांच्या थाळीबरोबर निरनिराळ्या चटण्या येतात आणि खिडकीबाहेर जिराफ चरताना दिसतात. हॉटेलच्या पाहुण्यांना आगमनाच्या 60 दिवस आधी टेबल आरक्षित करता येते. आगाऊ पैसे भरून घ्यायचा डायनिंग प्लॅन मात्र शाकाहारी आणि बेताचे खाणाऱ्या कुटुंबाला क्वचितच परवडतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

आता आकडे. पुढील अंदाज सध्याच्या दरांच्या आधाराने आणि करांसह केलेला आहे. दर बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी तो पुन्हा मांडावा. दोन खोल्या पाच रात्री, सुमारे 2200 डॉलर. चौघांची चार दिवसांची तिकिटे 2200 आणि आजी-आजोबांची दोन दिवसांची 580. सहा जणांचे विमान, सामानाच्या शुल्कासह, 1380. जेवणखाण 1000, लाइटनिंग लेन 240, विमानतळावरून येणे-जाणे 150, बाबागाडी, व्हीलचेअर आणि मुलांच्या खरेदीसाठी 250. बेरीज 8000 डॉलर होते. तिच्यावर दहा टक्के राखीव धरून 8800. हेच कुटुंब ईस्टरच्या आठवड्यात स्वीट घेऊन आणि सहाही जणांची पाच दिवसांची तिकिटे काढून गेले, तर माझ्या अंदाजाने खर्च बारा हजारांच्या पुढे जाईल, आणि गर्दीमुळे त्यांच्या वाट्याला राईड मात्र कमी येतील.

दर दोन आठवड्यांनी पगार मिळत असेल तर वर्षात 26 पगार होतात. प्रत्येकातून 340 डॉलर वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळते केले, की वर्षाअखेरीस 8840 जमतात. वर्षातले दोन महिने असे येतात, की त्यांत तीन पगार पडतात. घराचे हप्ते महिन्याचे असल्याने तो तिसरा पगार बराचसा मोकळा असतो. त्यातून मोठा वाटा टाकला तर इतर वेळचा भार पुष्कळ हलका होतो. क्रेडिट कार्डाविषयी मी अगदी स्पष्टपणे नकार देतो. हीच 8800 ची रक्कम 21 टक्के व्याजाने दोन वर्षांत फेडली तर महिन्याला सुमारे 452 डॉलर भरावे लागतात आणि व्याजच 2050 डॉलरच्या आसपास जाते, म्हणजे आपल्या चौघांच्या तिकिटांची जवळजवळ संपूर्ण किंमत. कार्ड वापरायचे असेल तर ते बचत खात्यातून त्याच महिन्यात पूर्ण फेडता येईल अशा खरेदीसाठीच वापरावे. एवढे पैसे जमत नसतील तर कर्ज काढण्यापेक्षा चारऐवजी तीन दिवसांची तिकिटे काढावीत आणि एक दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर घालवावा. त्या दिवशी मुले सर्वांत आनंदात असतात.

डिस्नेची गिफ्ट कार्डे काही दुकानांत थोड्या सवलतीने मिळतात आणि ती खोलीच्या बिलासाठी चालतात. मात्र बुकिंग रद्द केल्यास परतावा त्याच कार्डांवर येतो, म्हणून शिल्लक शून्य झाली तरी प्रवास पूर्ण होईपर्यंत एकही कार्ड फेकू नये. मुलीसाठी आणि मुलासाठी ठरावीक रकमेचे एकेक कार्ड वेगळे ठेवले, की दुकानात दर पाच मिनिटांनी होणारा वाद संपतो आणि नऊ वर्षांची मुलगी किंमती स्वतः वाचू लागते.

फक्त खोलीचे आरक्षण एका रात्रीच्या भाड्याएवढी अनामत भरून करता येते आणि आगमनाच्या सहा दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास ती परत मिळते. त्यामुळे दर जाहीर होताच खोल्या धरून ठेवाव्यात. मंद हंगामासाठी डिस्ने काही महिने आधी सवलती जाहीर करते. ती जाहीर झाली की आहे त्याच आरक्षणाला लावून घ्यावी. तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ती आजी-आजोबांचे व्हिसा आणि विमान पक्के झाल्यावरच घ्यावीत. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ आहे. ऑर्लँडो परिसरासाठी किंवा आपल्या राहत्या भागासाठी आगमनापूर्वीच्या सात दिवसांत राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने चक्रीवादळाचा इशारा दिला, तर डिस्ने आपले शुल्क न लावता बुकिंग रद्द करू देते किंवा तारीख बदलून देते. विमान कंपनीचे नियम मात्र वेगळे असतात, ते तिकीट काढतानाच वाचून घ्यावेत.

आजी-आजोबांचा अमेरिकेतील वैद्यकीय विमा हा या सहलीच्या अंदाजपत्रकात धरलेला नाही, पण तो नसताना त्यांना विमानात बसवू नये. पॉलिसीत रक्तदाब, मधुमेह अशा आधीपासूनच्या आजारांचे काय लिहिले आहे ते कलमनिहाय तपासावे. देशांतर्गत विमानप्रवासातही त्यांच्याजवळ मूळ भारतीय पासपोर्ट असला पाहिजे. छायाप्रत चालत नाही. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि इन्सुलिन असेल तर ते खोलीतल्या फ्रिजमध्ये मागच्या गार भिंतीला टेकणार नाही असे ठेवावे, म्हणजे ते गोठत नाही.

खोल्या आणि पगारातून वळती होणारी बचत ही दोन कामे याच महिन्यात करावीत. विमानाचे भाडे जानेवारीपासून पाहायला लागावे, उपाहारगृहाचे टेबल 23 जूनला आणि लाइटनिंग लेन 15 ऑगस्टला सकाळी सात वाजता. त्या दिवशी रविवार असला तरी गजर लावूनच झोपावे, कारण स्लिंकी डॉगच्या सकाळच्या वेळा फार लवकर संपतात.